मडक्यातली टरफलं

उज्वला गांगुर्डेला किळस फार. दुसऱ्याच्या उष्ट्या कपाला बोट लागलं तरी साबणाने हात धुतल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सासरी, अंबडला, यावरून तिची थट्टा व्हायची. अशी बाई परीक्षा पास होऊन लिपिक म्हणून लागली ती पुरातत्त्वाच्या एका कार्यालयात. तिला वाटलं होतं, लेणी, मूर्ती, जुनी नाणी यांच्यात दिवस जातील. वाट्याला आल्या जिन्याच्या कोपऱ्यातल्या पानाच्या पिचकाऱ्या, कपाटांवरची पारव्यांची घाण आणि उघडताक्षणी झुरळांचा वास सोडणाऱ्या फायली. काम म्हणजे लेण्यांवरचं गवत काढायच्या निविदा, देवळाच्या खांबावर नावं कोरणाऱ्यांबद्दल पोलिसांना पत्रं, आणि ना हरकत दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्यांना ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असं सांगणं. साहेब बहुतेक वेळा आतच असत.

मागच्या उन्हाळ्यात नदीकाठच्या एका टेकाडावर उत्खनन झालं. तिथे एका घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी निघाली. आत तान्ह्या मुलाची हाडं. हजारो वर्षांपूर्वी कुणी आपलं लेकरू गावाबाहेर न नेता राहत्या घरातच पुरलं होतं. मडकी पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासणीला जायची होती. पण साहेबांनी ती केबिनमध्ये, सोफ्यासमोरच्या टीपॉयवर मांडून घेतली.

“पाहुण्यांना दाखवायला बरं पडतं,” ते म्हणाले.

पाहुणे येऊ लागले. कुणी मडक्याशेजारी वाकून सेल्फी काढी, कुणी बोटाने हाडं ढवळी. एका बिल्डरने एवढासा जबडा उचलून आपल्या हनुवटीला लावून दाखवला आणि सगळे हसले. शिपाई हिरामण सुरगाण्याकडचा. तो चहा घेऊन आत जाई, पण ट्रे दाराजवळच्या कपाटावर ठेवून परत फिरे.

“मी नाय तिथं जात, म्याडम,” तो उज्वलाला म्हणाला. “ते लेकरू हाय.”

उज्वलालाही सुरुवातीला त्या हाडांची शिसारीच यायची. सहीला जाताना ती तिकडे बघायचं टाळी.

एका दुपारी पाहुणे गेल्यावर ती सहीचे कागद घेऊन आत गेली. साहेब जेवायला गेले होते. सोफ्यावर अत्तराचा आणि तंबाखूचा वास रेंगाळत होता. टीपॉयवर पिस्त्यांची रिकामी बशी होती, पण टरफलं दिसेनात. मग तिला दिसली. मडक्यात टाकली होती. थुंकीने ओली, हाडांवर चिकटलेली.

ती बेसिनकडे धावली. परत आली ती दार लावून, जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून बसली आणि वेचायला लागली. टरफल ओलं लागलं की अंगावर काटा येई. हाड हाताला लागलं की मात्र काहीच होईना. ते कोरडं होतं, हलकं होतं, स्वच्छ होतं. बोटांची हाडं तर इतकी बारीक की टरफलाच्या तुकड्यात आणि त्यांच्यात फरक कळेना.

साहेब आले तेव्हा ती अजून खालीच बसलेली होती.

“हे काय चालवलंय?”

तिने उठून टरफलांचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या कागदावर काही पांढुरके तुकडे होते.

“ही टरफलं. आणि हे तुकडे मला ओळखू येत नाहीत, सर. हाडं आहेत की पिस्ते, तुम्ही बघून सांगा.”

साहेबांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“टाकून दे,” ते म्हणाले.

“लेकराची बोटं असतील तर?”

“उज्वला, एवढं काय त्यात? कुणी विचारणार आहे का?”

“मला इथे बसायची किळस येते, सर,” ती म्हणाली. “हाडांची नाही.”

तिने मडकी पुण्याला पाठवायचं पत्र पुढे सरकवलं. साहेबांनी सही केली. लाज वाटून नव्हे, ही बाई एकदाची बाहेर जावी म्हणून.

तिने मडकी कापसात बांधून खोक्यात ठेवली. संशयाचे तुकडे वेगळ्या डबीत घालून वर स्पष्ट लिहिलं: यात पिस्त्याची टरफलं मिसळली असावीत, कार्यालयात पडली. ‘कार्यालयात’ खोडायला साहेबांनी निरोप पाठवला. तिने खोडलं नाही. जीपमध्ये मागे मडक्यांशेजारी कोण बसणार, असा प्रश्न आला तेव्हा हिरामण स्वतःहून चढला. डांबरी रस्ता असूनही त्याने खोका मांडीवर धरला होता.

प्रयोगशाळेने पोच दिली. डबीबद्दल काही कळवलं नाही.

पावसाळ्यानंतर उज्वलाकडचं टेबलाचं काम काढून तिला लेण्यांच्या पाहणीवर टाकलं. आता ती आठवड्यातून दोनदा पायऱ्या चढते, खांबांमागच्या दारूच्या बाटल्या आणि मूर्तींच्या पायांवर थुंकलेला गुटखा यांचे फोटो काढते, आणि कोपऱ्यात लघवीला बसलेल्या माणसांना उठवते. परवा एकाने तिला विचारलं, “तुमच्या घरचं आहे का हे?” तो उठेपर्यंत ती त्याच्यासमोरून हलली नाही.