अक्काचे अठरा हंगाम

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका वृद्ध गृहस्थांचा अर्ज लिहीत होतो आणि ‘अर्जदार हा अत्यंत गरीब व निराधार असून’ येथपर्यंत येऊन पोहोचलो होतो. फोन तिच्या मुलीचा, सुनंदाचा होता. “मामा, आई गेली... सकाळी मेसवर भाकरी थापता थापता भिंतीला टेकून बसली, ती उठलीच न्हाई.” मी ‘बरं’ म्हणालो. वास्तविक ‘बरं’ हा शब्द तेथे कोणत्याही अर्थाने बसत नव्हता. परंतु समोर अर्जदार बसलेले होते, आणि त्यांच्यापुढे आपला तोल जाऊ द्यायचा नाही, ही माझी वीस वर्षांची सवय आहे. मी वाक्य पूर्ण केले, त्यांचा अंगठा घेतला, तारीख घातली आणि मगच उठलो. या गोष्टीला आता दोन महिने होत आले. त्या अर्जात पुढे काय लिहिले हे मला आठवत नाही. मात्र तो मी पूर्ण केला, हे विसरता येत नाही.

मी पाथर्डीच्या कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून बसतो. लोक मला साहेब म्हणतात, आणि मी ते म्हणू देतो. अक्का माझी मावसबहीण, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिची उमेदीची सारी वर्षे ऊसतोडीच्या टोळीत गेली. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवायचे, कारखान्याच्या भागात जायचे, उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या उभ्या करून राहायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचे, असा तो क्रम. या कामात नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. जो एकटा जातो तो अर्धा कोयता. दाजी होते तोवर अक्का आणि ते मिळून एक कोयता होता. दाजी गेल्यावर ती अर्धा कोयता झाली, आणि तरीही जात राहिली. हे सगळे मला ऐकूनच माहीत आहे असे लोकांना वाटावे, अशीच व्यवस्था मी आजवर ठेवलेली होती. परंतु ही माहिती ऐकीव नाही. दहावीत दोन वेळा नापास झाल्यावर दोन हंगाम मीही त्याच टोळीत होतो. अर्धा कोयता म्हणून. माझ्या पत्नीला हे ठाऊक आहे. मुलांना हा लेख वाचून कळेल.

त्या दोन हंगामांनंतर मी घरी बसलो होतो, कोणाशी बोलत नव्हतो. तेव्हा अक्का मला धरून कचेरीसमोर घेऊन आली. त्या वेळी तेथे एक वयस्कर अर्जनवीस बसत; सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “याआधी काय काम केलंय?” माझ्या तोंडून शब्द फुटेना. मान खाली, नजर खाली... तेव्हा अक्का पुढे झाली. “तात्या, दोन हंगाम आमच्या समद्या टोळीची पत्रं ह्यानंच लिवली. घरी म्हातारी आजारी हाय असं लिवलं, तर वाचनाऱ्याच्या डोळ्यात पानी आलं पायजे, असं लिवतो. कोप्यांवर पानी येत नव्हतं, तर कारखान्याच्या शेतकी हापिसात ह्यानं तक्रार लिवून दिली. दुसऱ्या दिशी टँकर आला. आन् ऊस बी तोडतो, पर त्यो काय लई बरा तोडत न्हाई, ते खोटं कशाला सांगू?” तात्या हसले. म्हणाले, “आणि हा स्वतः मुका आहे काय?” त्यावर अक्का म्हणाली, “मुका न्हाई. त्याला सोताचं सांगता येत न्हाई. म्हून मी आलीया.”

दुसऱ्या दिवसापासून मी तात्यांच्या शेजारी सतरंजीवर बसू लागलो. ती सतरंजी, पुढे टेबल, पुढे पत्र्याचे छप्पर आणि नावाची पाटी... या सर्वाचा आरंभ अक्काच्या त्या बोलण्यात आहे. कोणी विचारले की मी सांगत असे, नगरला एका वकीलसाहेबांकडे उमेदवारी केली. असे कोणतेही वकीलसाहेब नव्हते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. दाजी जाऊन तीनेक वर्षे झाली असतील. सुनंदा दहावीला जाणार होती, आणि अक्काला एकच घोर होता, की या वर्षी हंगामाला गेले तर पोरगी कोणाकडे ठेवायची. अशात तिला कळले, की देवळाली प्रवराच्या अलीकडे एका संस्थेने ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी वसतिगृह काढले आहे आणि तेथे गृहमाता नेमायची आहे. राहण्याची खोली मिळणार, मुलीला जवळ ठेवता येणार. एका दुपारी अक्का माझ्या टेबलाशी आली. समोर खुर्ची असूनही ती नेहमी टेबलाच्या बाजूला उकिडवी बसे. त्या दिवशीही तशीच बसली आणि कमरेच्या पिशवीतून घडी केलेला वहीचा कागद काढून माझ्यापुढे धरला. “सुनंदाकडनं लिवून घेतलंय. मी सांगितलं, तिनं लिवलं. तू निस्ता अर्ज कर.”

तो कागद मी त्या दिवशी वरवर पाहिला. ‘अठरा हंगाम ऊस तोडला’ अशी त्याची पहिलीच ओळ होती. अर्जाची सुरुवात अशी कोणी करते काय, असे माझ्या मनात आले. माझ्याकडे येणारा प्रत्येक अर्ज दयेसाठी असतो. निराधार योजना, शिधापत्रिका, अतिक्रमण, वीज... अर्जदार जितका दीन, तितका अर्ज जोरदार, हे तात्यांनी शिकवलेले आणि मी घोटलेले शास्त्र. नोकरीचा अर्जही मी त्याच साच्यात घातला. अर्जदार ही विधवा असून तिला कोणताही आधार नाही, मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी तिच्यावर आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार होऊन सदर जागी नेमणूक मिळावी ही नम्र विनंती. व्यवसायाच्या रकान्यात मी ‘गृहिणी व किरकोळ शेतकाम’ असे लिहिले. अक्काने वाचून दाखवायला सांगितले. तिने ते शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, “ह्यात मी काय केलं ते कुठं हाय?”

“अक्का, शिकलेल्या लोकांची कमिटी असते. ऊसतोड म्हटलं की ते तुला दारातून परत पाठवतील.”

“पर पोरी तर ऊसतोडीवाल्यांच्याच हायेत ना?”

“म्हणून गृहमाताही तसलीच ठेवतील होय?”

‘तसली’ हा शब्द मी वापरला. तिने तो ऐकला. पदराने तोंड पुसून ती म्हणाली, “बरं बाबा. तू रोज कागदात असतो, तुला कळतंय.” तिचा स्वतःचा कागद माझ्या टेबलावरच राहिला.

मुलाखतीला मी तिच्यासोबत गेलो. एसटीत पाथर्डीपासून नगरपर्यंत आणि पुढे राहुरीपर्यंत मी तिला पढवत होतो. कमी बोलायचे. हाय-न्हाई न म्हणता आहे-नाही म्हणायचे. विचारतील तेवढेच सांगायचे. ती खिडकीबाहेर उसाकडे पाहत होती. मध्येच म्हणाली, “ह्यो फड अजून आठ दिसांनी तोडायला पायजे हुता. कवळा तोडलाय.” मी म्हणालो, असले काही तेथे बोलू नकोस.

संस्थेच्या कार्यालयात मी माझी ओळख कायदेविषयक लेखनाचा जाणकार अशी करून दिली, म्हणून मलाही आत खुर्ची मिळाली. ती मिळायला नको होती. समोर तिघे जण होते. बोलत होत्या त्या संस्थेच्या प्रमुख मॅडम. त्यांनी अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला. “ताई, अडचण समजली. पण तुम्ही आजवर काय काम केलंत, ते सांगा ना.” अक्का माझ्याकडे पाहून म्हणाली, “घरकाम... आहे.” तिच्या तोंडी तो ‘आहे’ परक्या घरात आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून उभा होता. मॅडमनी विचारले, एखादी मुलगी रात्रीतून तापाने फणफणली तर काय कराल? अक्का बोलायला पुढे सरली... आणि मी सांगितलेले आठवून थांबली. “डाक्टरला बोलवीन.” मग मॅडम जरा पुढे झुकल्या आणि त्यांनी थेट विचारले, “तुम्ही कधी ऊसतोडीला गेला आहात का?”

अक्काने पुन्हा माझ्याकडे पाहिले. त्या खोलीत ती काय शोधत होती हे मला समजले होते. मी मान हलवली. अगदी थोडी.

“न्हाई,” ती म्हणाली, आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. कोयत्याच्या मुठीने पडलेले घट्टे आणि पाचटाने ओरखडलेली मनगटे मॅडमनी त्यापूर्वीच पाहिली असावीत, कारण त्या बराच वेळ तिच्या पदराकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “असं आहे, आम्हाला इथं कोपीवरचं जगणं माहीत असलेली बाई हवी होती. मुली रडायला लागल्या की का रडतात, हे आम्हाला कळत नाही.” त्या हे आमच्यापैकी नेमके कोणाला उद्देशून बोलल्या, ते मी आजवर ठरवू शकलेलो नाही. तेव्हाच मी उठून म्हणू शकलो असतो, की मॅडम, ही अठरा हंगाम गेली आहे आणि दोन हंगाम मी हिच्याबरोबर होतो. दोन वाक्यांचे काम होते. मी ‘आभारी आहोत’ म्हणालो आणि अक्काला बाहेर घेऊन आलो.

परतीच्या एसटीने आम्ही नगरला आलो. स्टँडवर उतरताना पिशवी खांद्याला लावत म्हणाली, “बापू, माझी अठरा सालं एक मुंडी हालवून पुसलीस रं.” आणि हसली. मी सगळ्या नात्यात सांगितले, की त्यांनी त्यांचा माणूस आधीच ठरवून ठेवलेला होता. अक्कासमोरही सांगितले. ती खाली बघून निवडत असलेले तांदूळ निवडत राहिली.

त्या वर्षी सुनंदा तिच्या चुलतीकडे राहिली आणि अक्का पुन्हा फडावर गेली. त्यानंतरही दोन वेळा गेली. मग तिची कंबर धरली. एकदा ती टेबलाशी येऊन बसली आणि म्हणाली, “बापू, माझा त्यो कागद हाय का रं? सुनंदानं लिवल्याला.” मी विचारले, कशाला हवा? “असंच.” मी दोन खण उघडल्यासारखे केले आणि फाडला असेल म्हणून सांगितले. पुढल्या महिन्यात ती मिरजगावला एका मेसवर लागल्याचे कळले, आणि मी रागावलो. मला न विचारता? ती म्हणाली, “तुला सांगितलं असतं तर तू कागद केला असता.”

ती तेथे तीन वर्षे होती. दहाव्याला मेसच्या व्यवस्थापक बाई आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “मी पहिल्या दिवशी विचारलं, आधी कुठं काम केलंत? तर त्यांनी दोन्ही हात माझ्या टेबलावर उताणे ठेवले. म्हणाल्या, ‘आदी हे बघा, मंग सांगते.’ आणि अर्धा तास बोलल्या. बारा कोयत्यांच्या टोळीतली पोरं कशी सांभाळली, बायका बाळंत कशा केल्या, मुकादमाशी भांडून सुट्टी कशी घेतली... मी त्यांना मध्ये थांबवलंच नाही. शेवटी म्हणाल्या, ‘एकदा दुसऱ्याचं ऐकून हे झाकलं हुतं, आता न्हाई झाकायची.’” मी विचारले, कोणाचे ऐकून? बाई म्हणाल्या, “ते नाही सांगितलं. तुम्हीच ना त्यांचे बापू? माझ्या भावाचं अक्षर मोत्यासारखं, असं सारखं सांगायच्या.”

दहाव्याहून आल्यावर मी टेबलाचे सगळे खण रिकामे केले. आम्हा अर्जनवीसांची एक रीत आहे. एका बाजूने लिहिलेला कागद आम्ही टाकत नाही, त्याच्या पाठीवर कच्चा मसुदा करतो. तळच्या गठ्ठ्यात कोणाच्या तरी वारस नोंदीचा मसुदा मिळाला, माझ्याच अक्षरात, खाडाखोड केलेला. कागद उलटला... सुनंदाचे नववीतले गोल अक्षर. ‘अठरा हंगाम ऊस तोडला. सात बाळंतपणे कोपीवर केली, दोन अडली ती ओळखून दवाखान्यात नेली, सगळ्या जगल्या. फडातून परतल्यावर टोळीतल्या लहान पोरांना एका जागी बसवून आंघोळ घालते, उवा काढते, पाढे येत नाहीत पण गाणी येतात. रडणारे पोर भुकेने रडते का आईसाठी, ते कळते.’ आणि खाली, सर्वांत शेवटी, ‘माझ्या भावाला मीच कामाला लावले, तो आता साहेब आहे.’

मॅडमनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर होते, आणि तो कागद मुलाखतीच्या दिवशी माझ्या खणात होता.

मी त्याची पक्की प्रत केली आहे. शब्द तिचेच ठेवले. एकही सुधारला नाही. फक्त शेवटच्या ओळीखाली एक ओळ मी माझी घातली, की सदर टोळीत दोन हंगाम प्रस्तुत लेखनिकही होता, अर्धा कोयता, आणि तो काही फार बरा तोडत नसे. खाली सही केली. ही प्रत आता टेबलाच्या काचेखाली आहे, अर्जदार बसतो त्या बाजूला तोंड करून. येणारे लोक ती वाचतात आणि विचारतात, “साहेब, हा अर्ज कशासाठी हाय? ह्यात विनंती तर कुठंच न्हाई.”