डोंगर नसलेले फोटो

कर्जतकडच्या माळावरच्या लांडग्याच्या बिळाचे गुपित सुनंदाने फोडले नव्हते. ते मी फोडले होते. एवढे सत्य मी तिच्या मृत्यूपर्यंत दडवून ठेवले.

जैवविविधता आणि संवर्धन या विषयात ती एम.एस्सी. करीत होती आणि मी तिचा मार्गदर्शक होतो. पहिल्याच क्षेत्रभेटीत तिची एक सवय माझ्या ध्यानात आली. इतर मुले कॅमेरा समोर धरीत. ती तो मातीकडे झुकवी. तिच्या कोणत्याही फोटोत क्षितिज नसे. कारण विचारले, तेव्हा म्हणाली, "डोंगर दिसला की गाव सापडतं, सर. मंग गाड्या येत्यात."

वडील लवकर गेल्यामुळे मामांनी तिला मेंढरांमागे वाढवले होते. बीळ त्यांनीच दाखवले, कुणाला सांगायचे नाही या बोलीवर. दरसाल काही कोकरे लांडग्याला जात, तरी ते म्हणत, "त्यो बी लेकुरवाळा हाय." पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारले, "एवढं लांडगं शिकून नोकरी कुठं लागती, सर? लांडग्याच्या हाफिसात?"

"व्हय, अन् तुमालाच साहेब करीन तिथं," सुनंदा म्हणाली. मामा कितीतरी वेळ हसत होते.

विभागातल्या सादरीकरणात तिने जागेचा नकाशा दाखवायचे नाकारले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई चिडल्या. "मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?"

"सरांनी जागा बघितलीय, मॅडम. सरांवर ठेवा."

त्यानंतर काही दिवसांनी एक नावाजलेले वन्यजीव छायाचित्रकार आमच्याकडे व्याख्यानाला आले. जेवताना सुनंदाच्या कामाचा विषय निघाला, तेव्हा ते हसून म्हणाले, "पिल्लांसकट बीळ? विद्यार्थी काहीही सांगतात हो." ते मला लागले. मी गावाचे नाव सांगितले, ओढ्याचे वळणही सांगितले. "तुमच्यापुरतेच ठेवा," असेही वर म्हणालो.

त्याच आठवड्यात माळावर जीपा उभ्या राहिल्या. त्या गर्दीने गावाला बिळाचा पत्ता लागला आणि शेळ्या गमावून चिडलेल्या कुणीतरी त्याच्या तोंडाशी काटेरी फांद्या रचून पेटवल्या. पिल्ले आत गुदमरली. सुनंदाने ती स्वतःच्या हातांनी बाहेर काढली.

"तुला शिकिवलं, हीच चूक झाली," एवढेच मामा तिला म्हणाले. पुढे ते तिच्याशी बोललेच नाहीत.

ती माझ्या खोलीत आली तेव्हा नखांत अजून काजळी होती. "सर, तुमी कुणाला बोलला न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो.

तिने लगेच विश्वास ठेवला. "मंग माझ्याच एखाद्या फोटोत डोंगर ऱ्हायला आसंल." नंतर कित्येक दिवस ती प्रयोगशाळेत संगणकावर एकेक फोटो मोठा करून तो डोंगर शोधत होती. मी दारापर्यंत जाई आणि परत फिरे.

एम.एस्सी. तिने आवारातल्या फुलपाखरांवर पुरी केली. पीएच.डी.चे नाव पुन्हा काढले नाही. राहुरीत बियाण्यांच्या एका दुकानात नोकरी धरली. दिवाळीला ती मामांकडे जाई. ती आली की मामा उठून मेंढरांकडे जात. तरी ती मला फोनवर म्हणे, "बोलत्याल कधीतरी, सर. मामाच हायेत."

गेल्या गळीत हंगामात, संध्याकाळी कामावरून परतताना, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर तिची स्कूटी आदळली. ती जागीच गेली.

दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणे चालली होती. "आता ताईंचे सर दोन शब्द बोलतील," असे पुकारले गेले. मामा अगदी पुढे, पटका मांडीवर ठेवून बसले होते. खरे बोललो तर माझे ओझे उतरेल आणि त्यांच्या माथी कधीच न उतरणारे बसेल, हे मला कळत होते. गप्प राहिलो असतो, तर तिच्यावरचा आरोप तसाच राहिला असता.

"मामा," मी माईकवर म्हणालो, "जागा सुनंदाने सांगितली नव्हती. मी सांगितली. तिने विचारले, तेव्हा मी खोटे बोललो."

मामांनी मान वर केली नाही. मांडीवरच्या पटक्याकडे बघतच म्हणाले, "मला नगा सांगू, सर. तिला सांगा."

मी तिच्या हार घातलेल्या फोटोकडे वळलो. तो मीच काढलेला होता. तिच्या खांद्यामागे डोंगर स्वच्छ दिसत होता.

"सुनंदा, तुझ्या फोटोंत काहीच चुकले नव्हते. चूक माझी होती. मला क्षमा कर."