जेवणानंतरची गोळी

आईला फिट यायची. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे. ‘चक्कर आली’ म्हणायचं आणि कांदा शोधायला धावायचं, अशी रीत. त्या शुक्रवारी मात्र ती भाकरी थापताना पडली आणि तिचा डावा हात तापल्या तव्यावर गेला. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी सोलून निघाली. मलम लावताना ती दात आवळून बसली होती, आणि दारात उभी असलेली माझी आत्या म्हणाली, “उपासात काहीतरी खोट ऱ्हायली आसंल. आजून एक वार धरून बघ.”

माझं डोकंच फिरलं. आत्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण त्याच दिवशी मी ठरवलं, की आईला पुन्हा फिट येऊ द्यायची नाही. चुलीजवळ एवढ्यावर भागलं होतं. विहिरीच्या काठावर भागलं नसतं.

वाईट याचं वाटायचं, की गोळी चालू होती. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. आई गोळ्या कधी विसरत नसे. फिट आली की तारीख लिहून ठेवा असंही त्यांनी सांगितलं होतं, म्हणून मी कॅलेंडरवर पेनानं फुल्या मारायचे. फुल्या मारून पुढं काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा नेकनूरहून रोज एसटीनं बीडला जाऊन फार्मसीचा डिप्लोमा करत होते, आणि औषध शरीरात गेल्यावर काय करतं, नेमक्या याच विषयात नापास झाले होते. ज्या पोरीची आई गोळीवर जगते तिनं हाच विषय घालवावा, याची मला आजही लाज वाटते. पहिल्या खेपेला मी सगळं पाठ केलं होतं. दुसऱ्या खेपेला, त्या भाजल्या हातानंतर, मी पहिल्यांदा समजून घ्यायला बसले.

एसटीत खिडकीशी पुस्तक धरून वाचत होते. औषध पोटातून रक्तात जातं, आणि रक्तात गेल्या क्षणापासून शरीर ते बाहेर टाकायच्या मागं लागतं. यकृत ते मोडतं, मूत्रपिंड गाळून टाकतं. ठरावीक तासांत निम्मं उरतं, तेवढ्याच तासांनी त्याच्याही निम्मं. म्हणून पुढची गोळी वेळेवर लागते. रक्तातलं प्रमाण एका रेषेच्या खाली गेलं की औषध असून नसल्यासारखं. हे मी आधी चार वेळा वाचलं होतं. या वेळी डोळ्यांपुढं कॅलेंडर आलं. जवळजवळ सगळ्या फुल्या मंगळवारी नाहीतर शुक्रवारी होत्या.

सोमवार आणि गुरुवार आईचे उपवास.

घरी येऊन चप्पलही न काढता विचारलं, “उपासाच्या दिवशी गोळी घेतेस का?”

“कशी घिऊ? डॉक्टरच म्हणले जेवल्यावर घ्या. जेवलेच न्हाई तर गोळी कशी घ्यायची?”

इतक्या सरळपणे म्हणाली की मला रडू का हसू कळेना. तिनं डॉक्टरांचा शब्द तंतोतंत पाळला होता. फिट आली म्हणून उपवास धरला, उपवास म्हणून दोन्ही वेळची गोळी चुकली, गोळी चुकली म्हणून फिट आली, आणि आत्यानं आणखी एक वार सुचवला.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडरचं पान घेऊन मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी एकेका फुलीवरून बोट फिरवलं. म्हणाले, “भगर खाऊन घेऊ दे, केळं खाऊन घेऊ दे, नुसत्या पाण्याबरोबर घेतली तरी चालेल. पण चुकवायची नाही.”

आईला हे नुसतं सांगून पटणार नव्हतं. मी तेलाच्या रिकाम्या डब्याला बुडाशी खिळ्यानं भोक पाडलं, आत कोळशानं रेघ ओढली आणि डबा अंगणात दोन विटांवर ठेवला. म्हटलं, हे तुझं शरीर, पाणी म्हणजे औषध, रेघेखाली गेलं की फिट. ती उजव्या हातानं तांब्यातांब्यानं पाणी घालत राहिली. गळत होतं तरी पातळी रेघेच्या वर टिकून होती. मग मी तिचा हात धरला. “आता सोमवार.” आम्ही दोघी बघत बसलो. पाणी रेघेच्या खाली गेलं, तसा आईनं हात सोडवून घेतला आणि तांब्या ओतला.

“कळलं मला,” ती म्हणाली. “सोमवारी भगर खाऊन घेते. पर गुरुवार न्हाई. गुरुवारी पाण्याचा थेंब घ्यायचा न्हाई, आसं बोललेय मी देवाला.”

“कावून पण? गुरुवार कशाचा धरलायस?”

तिनं पोळलेला हात पदराखाली घेतला. मी पिच्छाच पुरवला तेव्हा म्हणाली, “तुझ्या पेपरचा. तू नापास झालीस तवापसून.”

माझ्या अभ्यासाची पोकळी ती आपल्या पोटानं भरत होती, आणि तव्यावर हात तिचा गेला होता. मी आत्याला दोष देत होते! इतकं वाईट मला नापास झाल्यावरही वाटलं नव्हतं.

“पेपर माझा हाय ना?” मी म्हटलं. “मग गुरुवारबी माझा. आजपासून मी करणार. तू गोळी घ्यायची.”

“तुला उपाशी ऱ्हायला जमायचं न्हाई.”

“बघच तू.”

गुरुवारी मी पाण्याला शिवले नाही. दुपारी कॉलेजात डोकं असं ठणकत होतं की फळ्यावरची अक्षरं हलायला लागली, पण दात आवळून बसले. सकाळी आणि संध्याकाळी आई माझ्यासमोर जेवली, चोरासारखी, खाली मान घालून, आणि गोळी गिळली.

शुक्रवारी मी कॉलेजला गेले नाही. ती जाईल तिथं मागं. ती शेळ्यांना पाला टाकायला गेली, मी गेले. ती चुलीपुढं बसली, मी बाजूला बसले.

“कावून बघायलीस सारखी? मला लई कामं हायेत.”

तिनं भाकरी केल्या, भांडी घासली, झाडलोट केली. जेवणं झाली, तिनं गोळी घेतली, अंथरूण घातलं. दिवा मालवायला मी उठले तेव्हा तिनं विचारलं, “झाला का गं शुक्रवार?”

“झाला.”

ती उशीत तोंड घालून रडायला लागली. दिवसभर तीही भीत होती, आणि मला कळू दिलं नव्हतं.