टिकटिक बंद असली की

टिकटिकबाईंचं खरं नाव विचारायची वेळ कुणावर आलीच नाही. कोंबड्या-शेळ्या पाळणाऱ्यांकडे त्या विजेचं कुंपण घालून द्यायच्या. कुंपणाचं मशीन चालू असलं की सेकंदासेकंदाला टिक, टिक करतं, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. वय चोपन्न, अंगाने काटक, आवाज खणखणीत. स्कूटरवर आडवे बांधलेले खांब दोन्ही बाजूंना असे बाहेर आलेले असत की मागून येणारा आपोआप चार हात लांब राही. नव्या ठिकाणी गेल्या की हमखास कुणीतरी विचारी, "साहेब मागून येतायत का?"

"साहेब घरी भांडी घासतायत," म्हणून बाई पहार उचलत. आणि ते अगदी खरं होतं.

अठरा वर्षं त्यांनी एका दुकानात बसून जळालेल्या मोटारींना नव्याने तार गुंडाळली होती. दुकान बंद पडलं तेव्हा त्या रडत बसल्या नाहीत, कुंपणं घालायला लागल्या. सहा वर्षांत त्रेसष्ट कुंपणं उभी केली. तारेचा ताण बोटाने छेडून सांगत. जमिनीत ठोकायची सळई कुणी आखूड आणून दिली तर ती त्याच्या हातात परत देत. "हिचं काय करू? दात कोरू?" तोंडाने फटकळ, पण फोन आला की जाणाऱ्या.

काम झालं की त्या घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, कुंपणापाशी उभं करून धडा देत. लिहून काही देत नसत. कागद हरवतो, डोक्यातलं राहतं, असं त्यांचं म्हणणं. धडा दोनच वाक्यांचा होता. "टिकटिक चालू, तर हात मागे. टिकटिक बंद, तर बिनधास्त." लोक हसत हसत पाठ करत. या दोन वाक्यांचा बाईंना भारी अभिमान होता. तो नसता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्या एका गोठ्यामागे खांब रोवत होत्या, तेव्हा एका जुन्या गिऱ्हाइकाच्या, कोंबडीवाल्याच्या, बायकोचा फोन आला. ती कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती आणि चहाच्या सुट्टीत बोलत होती. त्यांच्या दीडशे कोंबड्यांवर कोल्हा टपला होता. मशीनची बॅटरी धरत नव्हती, जमीन वाळून कोळ झाल्याने तारेचा झटकाही नीट बसेना, आणि तीन दिवसांत अकरा कोंबड्या गेल्या होत्या. बाई कालच जाणार होत्या. हे गोठ्याचं काम संपवून उद्या येते, असं त्यांनीच कळवलं होतं.

"मावशी, आता सावकाश या, घाई नाही," ती खुशीत म्हणाली. "ह्यांनीच बसवलं सगळं. सकाळपासून मस्त चालतंय. फक्त ते टिकटिक वाजत नाही."

बाईंच्या हातातली पहार तशीच राहिली. "वाजत नाही म्हणजे? मशीन चालू आहे ना?"

"मशीन बाजूलाच ठेवलंय. स्वयंपाकघरातून वायर ओढून सरळ तारेला जोडलीय. हे म्हणाले, करंट तो करंट, त्यात काय एवढं."

मशीन चापट मारतं आणि हात काढून घेतं. त्या दोन टिकटिकींच्या मधल्या वेळात माणूसही सुटतो आणि जनावरही. घरातली वीज मात्र धरते ती सोडत नाही. मोटारींच्या दुकानात त्यांनी एकदा अशा विजेने धरलेला माणूस पाहिला होता. त्याबद्दल त्या कुणाशी कधी बोलल्या नव्हत्या.

"घरी कोण आहे आत्ता?"

"बाबा आहेत. हे खाद्य आणायला गेलेत."

बाबा म्हणजे तिचे सासरे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आणि ठार बहिरे. जन्मभर पिठाच्या गिरणीत काम करून कान गेलेले. कुंपण घातलं तेव्हा त्यांना टिकटिक ऐकू येईना, म्हणून बाईंनी त्यांचा हात धरून मशीनच्या डब्यावर ठेवला होता. तळव्याला ठोके लागले तसे म्हातारबाबा लहान पोरासारखे हसले होते. मग बाईंनी मशीन बंद केलं, पुन्हा त्यांचा तळवा डब्यावर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने स्वतः तार घट्ट धरून दाखवली. बंद असलं की बिनधास्त. म्हातारबाबांनी मान डोलावली. तेव्हापासून रोज साडेचारला कोंबड्यांना पाणी द्यायला जाताना ते आधी डब्यावर तळवा ठेवत. सून कौतुकाने सांगे, बाबा एक दिवस चुकत नाहीत.

आज डबा गप्प होता आणि चार वाजून आठ मिनिटं झाली होती.

"नीट ऐक. नवऱ्याला फोन कर, उचलेपर्यंत करत राहा. शेजारी कुणी आहे?"

"पलीकडचं घर बंद असतं. मावशी, काय झालं?"

"तारेला हात लावला तर बाबा राहणार नाहीत. मी निघाले."

पलीकडून एक बारीक आवाज आला, पण बाईंनी फोन ठेवला होता. स्कूटरवरच्या खांबांच्या दोऱ्या त्यांनी विळ्याने कापल्या. खांब धडाधड खाली पडले. गोठ्याचा मालक "अहो बाई, अहो!" करत धावत आला. तो येईपर्यंत त्या फाटकाबाहेर होत्या.

रस्ता वीस मिनिटांचा. वाटेत एके ठिकाणी डांबर टाकत होते. झेंडीवाल्याने हात आडवा केला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, तशीच गरम डांबराच्या कडेवरून स्कूटर घातली. मागून शिव्या आल्या. शिव्यांचं त्यांना काही नव्हतं. डोक्यात त्यांचीच दोन वाक्यं फिरत होती, त्यांच्याच खणखणीत आवाजात. काल गेले असते तर. घरातली वीज तारेला जोडू नका, एवढं तरी फोनवर सांगायचं होतं. स्वतःचीच त्यांना अशी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याने रस्ता दिसेना म्हणून त्या आणखी चिडल्या.

घर लांबून दिसलं. अंगणात कुणी नव्हतं. स्कूटर उभी करायला वेळ नव्हता, ती त्यांनी सोडूनच दिली. घरामागे वळल्या आणि जागीच थांबल्या.

म्हातारबाबा कुंपणाच्या आत होते. फाटकाच्या तारेला प्लास्टिकची मूठ होती, ती धरून ते सुखरूप आत गेले होते. पाण्याची बादली बाजूला ठेवलेली. आणि पलीकडच्या कोपऱ्यात, खालच्या तारेला मान अडकवून, एक पांढरी कोंबडी पडली होती. म्हातारबाबा तिच्याकडे निघाले होते. त्यांच्या मनात काय चाललंय ते बाईंना लख्ख कळलं. डबा गप्प आहे, तार मेलेली आहे, कोंबडी अडकलीय, सोडवू या.

"बाबा!" त्या ओरडल्या. सगळ्या कोंबड्या फडफडल्या. म्हातारबाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

त्यांच्यापर्यंत साठ-सत्तर पावलं होती. स्वयंपाकघराची खिडकी दहा पावलांवर. खिडकीच्या गजातून पिवळी वायर बाहेर आली होती, मध्ये दोन ठिकाणी जोड, जोडांवर चिकटपट्टी. बाहेर पडताना बाबांनी दाराला कुलूप लावलेलं. म्हातारबाबांकडे पळावं असं पायांना वाटत होतं. बाईंनी पाय खिडकीकडे वळवले. जोड सोडून, गजाला लागून वायर दोन्ही हातांनी धरली, एक पाय भिंतीला लावला आणि होतं नव्हतं ते बळ लावून ओढली.

वायर आली नाही.

दुसऱ्यांदा ओढली. आत भांडी कोसळल्याचा आवाज झाला, आणि वायर एकदम सैल होऊन बाई पाठीवर आपटल्या. खिडकीच्या गजात वायरीची पिन येऊन अडकली होती. ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मग मान वळवायचा धीर होईना.

वळवली तेव्हा म्हातारबाबा खाली बसलेले होते. कोंबडी त्यांच्या मांडीवर होती, डावा हात खालच्या तारेवर. ते हलत नव्हते. बाई कशा उठल्या आणि कशा पोहोचल्या हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही. खांद्याला हात लावला तसे म्हातारबाबा दचकले आणि वर बघून हसले.

"तुम्ही होय? घाबरवलंत की!" बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले. "ही बघा, गेली बिचारी. कशानं मेली कोण जाणे."

बाई त्यांच्याशेजारी मातीत बसल्या. म्हातारबाबांनी त्यांचं तोंड न्याहाळलं आणि काहीतरी चुकलं असं समजून घाईघाईने सांगितलं, "डब्याला हात लावून बघितला हो मी आधी! गप्प होता. तुम्ही शिकवलंत तसंच केलं सगळं."

बाईंना हुंदका आवरला नाही. त्या मोठ्याने रडल्या. म्हातारबाबांना वाटलं, कोंबडीसाठी रडतायत. ते आपले त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले, "जाऊ द्या, दीडशे आहेत."

मुलगा तासाभराने आला. बायकोचे सतरा फोन त्याने गाडीतून उतरल्यावर पाहिले होते. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, आणि बाई आता कातडी सोलणार या तयारीने तो उभा होता. बाईंनी ती मेलेली कोंबडी त्याच्या हातात दिली. "आज हिच्या जागी तुझे बाबा असते," एवढंच म्हणाल्या. मग बॅटरी बदलली, सळईच्या बुडाशी चार बादल्या पाणी ओतलं, मशीन जोडून दिलं आणि अंधार पडायच्या आत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्कूटरवर खांब बांधले नाहीत. त्रेसष्ट ठिकाणी जायचं होतं. पहिल्याच घरी एक बदकं पाळणारी म्हातारी दारात बसली होती. बाईंना रिकाम्या हाती आलेलं पाहून तिला मजा वाटली.

"काय गं, परीक्षा घ्यायला आलीस? सगळं पाठ आहे मला." आणि तिने बोट नाचवत, बाईंच्याच ठसक्यात म्हणून दाखवलं, "टिकटिक बंद, तर बिनधास्त!"

बाई पायरीवर तिच्याशेजारी बसल्या.

"ते विसरा आजी," त्या म्हणाल्या. "चुकीचं शिकवलं मी."