टेलिफोनची तार नसताना आलेला अपडेट

माणूस जातो, पण त्याचं कार्य मागे उरतं. हे वाक्य मी कोल्हापुरातल्या बहुतेक सगळ्या सभागृहांत ऐकलंय, आणि बोलणाऱ्याचं लक्ष दर वेळी चहाच्या किटलीकडे होतं. माझा अनुभव असा की मागे उरतात त्या चपला, बीपीच्या अर्ध्या संपलेल्या गोळ्या आणि एखादा कंप्युटर. त्यामुळे खाली जे लिहितोय ते श्रद्धाळू माणसाचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी भूत, करणी, पत्रिका यांपैकी काही मानत नाही. मानत असतो तर बरं झालं असतं — निदान याचं उत्तर तरी मिळालं असतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा घरोघरी जाऊन कंप्युटर दुरुस्त करायचो आणि इथल्या एका सांजदैनिकात ‘संगणक-सल्ला’ नावाचं सदर लिहायचो. अनोळखी फ्लॉपी घालू नका, अँटिव्हायरस अपडेट ठेवा, बॅकअप घ्या... दर आठवड्याला तेच, फक्त क्रम बदलून. ते सदर मनापासून वाचणारा माणूस बहुधा एकच होता. माझा थोरला भाऊ, दिनकरदादा.

दादा शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटी बघायचा. ढलाईच्या पार्टाला केसाएवढा फरक आला तरी परत पाठवणारा माणूस. मंगळवार पेठेतल्या घरी त्यानं असेंबल्ड कंप्युटर घेतला आणि त्यालाही फाउंड्रीचीच शिस्त लावली. रविवारी दुपारी जेवण झालं की टेलिफोनची वायर मोडेमला लावायची, ते किरकिर-खर्र आवाज ऐकत बसायचं आणि अँटिव्हायरसचा अपडेट घ्यायचा. सुमनवहिनी म्हणायच्या, “देवाला एवढ्या वेळेवर फूल वाहिलं असतं तर आतापातूर पावला असता.”

दादा श्रावणात गेला. हार्ट अटॅक, ड्युटीवर. फाउंड्रीनं शोकसभा घेतली, साहेबांनी ‘कार्य मागे उरतं’ म्हटलं. घरचा टेलिफोन कारखान्याच्या नावावर होता, तो पुढच्या आठवड्यात काढून नेला. लाइनमननं तार थेट खांबापासून तोडली आणि गुंडाळून सायकलला अडकवली. माणूस सभ्य होता, तार काढण्याआधी दादाच्या फोटोला नमस्कार केला त्यानं.

मला काही वाटत नव्हतं. हे दुःखानं बधिर वगैरे कवितेतलं नाही. खरोखरच काही वाटत नव्हतं. लोक भेटायला यायचे, मी त्यांना त्यांच्या प्रिंटरबद्दल विचारायचो.

महिन्याभरानं वहिनींनी एक गोष्ट सांगितली. दादानं माईक आणला होता तेव्हा एकदा त्यात बोलून बघितलं होतं. त्या स्वयंपाकघरात होत्या, कुकर चालू होता, शब्द ऐकू आले नाहीत. पण बोललेलं आत असेल का? मी शोधलं. फाईल होती. दादाच्या आवाजाचं दुसरं काही कुठंच नव्हतं — लग्नाची कॅसेटसुद्धा फक्त बँडची.

“लावू का?” मी विचारलं.

“नको. हाय न्हवं? मग असू दे.”

फाईल फ्लॉपीत मावत नव्हती. घरी सीडी रायटर नव्हता; सीडीवर घ्यायची तर सीपीयू राजारामपुरीत ओळखीच्या दुकानात न्यायला हवा होता. वहिनी ऐकेनात.

“वर्षश्राद्ध होईतोवर त्यांची पेटी उंबऱ्याबाहेर जायची न्हाय, भावजी.”

“वहिनी, हार्डडिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही.”

“माणसाचं तरी सांगता येतं व्हय?”

मी बॅकअपचं सदर तिथंच आवरलं. जपण्यासारखा त्या घरात आता दादाचा तेवढा आवाजच राहिला होता, आणि तो आवाज एका जुन्या डिस्कवर एकुलता एक होता.

खंडेनवमी आली. घरात वर्ष होतं, म्हणजे सण नाही. पण वहिनी म्हणाल्या, हत्यारांना सुतक नसतं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडतात, आणि मांडली की दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही; त्यांना विश्रांती. दादाचा व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने मांडले. मग वहिनी कंप्युटरकडे आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी सगळ्या वायरी काढल्या, सीपीयू उचलला आणि देवासमोर पाटावर ठेवला. मॉनिटर आणि यूपीएस राहिले बाहेरच्या खोलीत. सीपीयूला झेंडूची माळ, पॉवरच्या बटणावर हळदकुंकू. कुंकू आत जाऊ नये म्हणून मी फुंकर मारली, वहिनींनी डोळे वटारले. दुपारी आम्ही त्याच्यासमोरच पिठलं-भाकरी खाल्ली. संध्याकाळपर्यंत मी तिथंच होतो, आणि दसऱ्याला मीच तो उचलून परत जागेवर लावला. हे सगळं मुद्दाम लिहितोय.

त्या नवरात्रातच एक व्हायरस निघाला होता. पत्रिका जुळवायचा एक फुकट प्रोग्रॅम फ्लॉपीवरून कोल्हापूरभर फिरत होता, त्याच्या आत बसून तो आला. फ्लॉपी घातली की थोड्या वेळानं डिस्क पुसली जायची. ज्याच्या घरी लग्नाचं पोर, त्याच्या घरी ती फ्लॉपी. दिवाळीच्या आधी मी एकामागून एक घरं फॉरमॅट करत होतो. एका घरच्या आजोबांनी विचारलं, “छत्तीस गुण जुळलंते, ते तरी राहिलं काय?”

भाऊबीजेला शेजाऱ्यांच्या फोनवरून वहिनींचा निरोप आला. “जरा येऊन जावा. पेटीनं कायतरी लाल दाखवलंय.”

गेलो. वहिनींचे भाऊ शामराव इचलकरंजीहून फराळाचा डबा घेऊन आले होते — वर्षाच्या घरी फराळ बाहेरून येतो. आणि आपल्या थोरल्या पोरीची पत्रिका छापून न्यावी म्हणून खिशात फ्लॉपी आणली होती. दाजींचा, म्हणजे दादाचा, प्रिंटर चांगला, असं म्हणाले.

“शामराव, कुठली फ्लॉपी ही?”

“पत्रिकेची की. लई भारी हाय. मंगळ बी दाखवतंय.”

“घातली?”

“घातली. मग पडद्यावर ह्यो डबा आला लाल. मी म्हटलं मंगळच हाय का काय.”

मी खाली बसलो. पाय गेले म्हणून नव्हे, खुर्चीवर शामराव होते म्हणून. मला खात्री होती की डिस्क गेली. दादाचा अँटिव्हायरस श्रावणानंतर अपडेट झालेला असणं शक्य नव्हतं, आणि व्हायरस होता नवरात्रातला. जन्माला न आलेल्या चोराला पहारेकरी कसा ओळखणार? वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “गेलं?”

मी स्क्रीन वाचला. व्हायरस सापडला, नावासकट. काढून टाकला. एकही फाईल खराब नाही. आवाजाची फाईल जागेवर.

“नाही,” मी म्हणालो. “आहे.”

मग मी अँटिव्हायरसमध्ये शेवटच्या अपडेटची तारीख उघडली. खंडेनवमी. दुपारची वेळ. आम्ही पिठलं खात होतो ती.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मीही म्हणून झालोय. कंप्युटरचं घड्याळ चुकलं असेल. घड्याळ बरोबर होतं, आणि चुकलं असतं तरी तारीख चुकते, अपडेट येत नाही. आतली व्हायरसची यादी खरोखर नवीन होती. कुणी सीडीवरून घातला असेल. शामरावांच्या आधी दोन महिने ते मशीन माझ्याशिवाय कुणी उघडलं नव्हतं, आणि मी घातला नव्हता. कदाचित मीच दसऱ्यानंतर घातला आणि विसरलो? त्या दिवसांत माझं मन ताळ्यावर नव्हतं, हे मान्य. पण मग खंडेनवमीची तारीख कुठून आली? कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी मशीन रीस्टार्ट करायला सांगितलं. अँटिव्हायरस विकणारा माझा मित्र सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, “होतं असं कधीकधी.” या धंद्यात ऐकलेलं सगळ्यात प्रामाणिक तांत्रिक मत हेच.

वहिनींना मी तारीख सांगितली. सांगायला नको होती, पण त्यांनी “कसं वाचलं?” असं विचारलं आणि माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. शामरावांनी मात्र खुर्चीवर घेतलेले पाय खाली सोडले आणि हात जोडले — सीपीयूला की प्रिंटरला, कळलं नाही.

“न्या आता ती पेटी,” वहिनी म्हणाल्या. “त्यांनी राखायचं तेवढं राखलं. आता आपण राखायचं.”

त्याच आठवड्यात सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षानं राजारामपुरीत गेलो आणि तीन सीड्या करून आणल्या. एक वहिनींना, एक मला, एक शामरावांकडे इचलकरंजीत. पुढे कैक वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण ऐकणाऱ्याचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. मीही तसाच चेहरा करतो. उत्तर तेव्हा नव्हतं, आजही नाही.

सीडी झाल्यावर वहिनी म्हणाल्या, “लावा.” आधी कुकरची शिट्टी आली. मग दादा. स्पष्ट, अगदी शेजारी बसल्यासारखा. “हॅलो... हॅलो... हॅलो. अगं सुमन, कायबी येईना झालंय. बाद माल दिलाय त्यानं. उद्या परत करतो.” मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि संपलं.

वहिनी गॅस बघायला आत गेल्या.

माईक परत करायचा राहूनच गेला. सध्या माझ्याकडे आहे. चांगला चालतो.