सगळ्यांत खालची चांदणी

दक्षिणेला दिसणाऱ्या त्रिशंकूच्या चार चांदण्यांतल्या सगळ्यांत ठळक ताऱ्यावर माझा राग आहे. ताऱ्यावर कोणी रागावतं का, असं नातू म्हणतो. त्याला काय ठाऊक!

लग्न होऊन मी मेहकरहून धामणगाव बढ्याजवळच्या खेड्यात आले, तेव्हा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. नवरा नोकरीला बाहेरगावी. सासरे उन्हाळाभर दक्षिणेच्या टेकडीवर आंब्याची झाडं राखायला मुक्कामी असत. दिवस मावळला की मचाणीवरच्या काठीला ते कंदील बांधत. दिसला, तर खुशाल. नाही दिसला, तर माणसं धाडायची. माळवदावर चढून बघायचं काम माझं. मी 'लागला' म्हटल्याशिवाय सासूबाई घास घेत नसत.

त्या दिवशी दुपारी वळवाच्या सरीनं आठवडाभराची धूळ बसली होती. सासूबाईंना सोमवार सोडायचा होता.

"लागला का वं?" त्यांनी खालून विचारलं.

टेकडीच्या वर चार चांदण्या होत्या. वरच्या तीन मला चांदण्याच वाटल्या. सगळ्यांत खालची मोठी, तांबूस, नेमकी मचाणीच्या जागी.

"लागला, आत्याबाई."

त्या जेवल्या. भांडी घासून मी अंथरुणं टाकायला वर गेले, तर कंदील उजवीकडे सरकून खाली उतरत होता. काठीला बांधलेला कंदील चालतो होय?

"काऊन वं, काय पाह्यतं?" सासूबाई जिना चढत म्हणाल्या.

"काई नाई."

खरं सांगते, मला कळलं होतं. पण सून आंधळी आहे, असं गावभर झालं असतं. एवढ्याशा लाजेपायी मी गप्प पडून राहिले. डोळ्याला डोळा लागला नाही.

उजाडताच भाकर घेऊन मीच टेकडीवर गेले. सासरे आंब्याच्या खोडाला टेकून बसले होते, अंग गार. पायाला साप डसलेला, पोटरीवर धोतराची चिंधी करकचून बांधलेली. कंदील तेलानं भरलेला, काड्यापेटी हाताशी. त्यांनी तो मुद्दामच लावला नव्हता. तोंड गावाकडे होतं.

पुढं वीस वर्षं सासूबाई मधूनच विचारायच्या, "पण कंदील तं लागला होता ना वं?"

"हाव, आत्याबाई," मी म्हणायची.