एका फाइलमधले काका

आमचे काका कुस्तीचे निवेदक. कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या यात्रेत आखाड्यात पैलवान कुणीही उतरो, माइक काकांच्याच हातात. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. तोंड उघडलं की नुसती हवा. कमिटीनं लगेच शेजारच्या गावचा एक नवा निवेदक बघून ठेवला. काकांच्या कानावर ते आलं, तसे भरल्या ताटावरून उठले आणि थेट शहरात, विश्रामबागेत माझ्या ऑफिसात हजर! समोर बसून मलाच मोबाइलवर मेसेज: "तू कॉम्प्युटरवाली हायस न्हवं? मग माझा आवाज काढ."

आवाज काढ म्हणे! तो काय नळ आहे, सोडला की आला? पण त्यांच्यापुढे नाही म्हणायची माझी टाप नव्हती. गावातल्यांच्या मोबाइलमधले मागच्या मैदानांचे व्हिडिओ गोळा केले, काकांची वाक्यं कापली आणि पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं की काका बोलणार: टाळ्या, सलामी, चितपट. उघडल्या उघडल्या स्वागताचं भाषण आपोआप सुरू व्हायचं, तो त्यांचा हट्ट. त्यांच्या घरी मी ते वाजवून बघत होते, तर काकू आतून ओरडली, "आवं, किती वरडतायसा? आले की!" आणि मग दारात येऊन नुसती उभी राहिली.

आता कमिटीच्या लॅपटॉपवर पायथन कुठलं असायला? म्हणून सगळं बांधून पायथनशिवाय चालणारी स्वतंत्र एक्झी फाइल करायची होती. मी म्हटलं, फोल्डर देते, पटकन उघडेल. काकांचा मेसेज: "एकच फाइल पायजे. लग्नाचा आहेर हाय व्हय ढीगभर द्यायला?" एकच फाइल केली की ती दरवेळी आधी पोटातलं सगळं सामान बाहेर मांडते आणि मगच चालू होते. कमिटीचा लॅपटॉप तर म्हातारी म्हैस. मी बजावलं, "काका, एकदाच क्लिक करायचं आणि गप बसायचं." वाचा गेलेल्या माणसाला मी हे सांगत होते, आणि नेमकं तेच त्यांना जमणार नव्हतं.

यात्रेच्या दिवशी फाइल टाकताच अँटिव्हायरसनं ती कोंडून ठेवली. वर पाटी: धोकादायक. कमिटीचे चेअरमन भलतेच खूश. "मशिनबी वळाकतंय की रं म्हाताऱ्याला!" दात-ओठ खात मी फाइल सोडवली, काकांना स्टेजवर लॅपटॉपपुढे बसवलं आणि स्पीकरची वायर बघायला खाली उतरले.

काकांनी क्लिक केलं. काहीच नाही. परत केलं. हलगी थांबली, लोक स्टेजकडे बघायला लागले, आणि नवा निवेदक हळूच माइककडे सरकला. झालं! काका बिथरले. टकाटक टकाटक, बोट थांबेना.

मग एक काका बोलले. "तमाम कुस्तीशौकिनांनो..." त्यांचं संपायच्या आत दुसरे सुरू, त्यांच्यामागून तिसरे, चौथे. एक काका पाहुण्यांचं स्वागत करतायत, दुसरे बायाबापड्यांना बसून घ्या म्हणतायत, तिसरे अजून "तमाम"वरच. पंचांनी कानात बोटं घातली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी तर हातच जोडले. "आगं पोरी," चेअरमन किंचाळले, "एक झेपंना आमास्नी, ह्यो आख्खा कळप कुठनं आणलास?"

मैदान हसून लोळत होतं. मी मेले लाजेनं! पळत वर गेले, काकांना बाजूला सारलं. स्क्रीनवर दर क्लिकमागे एक खिडकी उघडली होती; दिसेल ती बंद करत सुटले. शेवटची राहिली. तीही बंद करणार, तोच काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

आता एकटाच आवाज मैदानभर घुमत होता. तोच, खणखणीत. हसणं हळूहळू विरलं. काका लॅपटॉपकडे बघतच नव्हते, ते समोरच्या माणसांकडे बघत होते आणि त्यांचे ओठ शब्दाला शब्द हलत होते. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. मला इतकं भरून आलं की माझी सगळी लाज कुठल्या कुठे गेली. नवा निवेदक माइकला हात लावून उभा होता, त्यानं तो हात काढून घेतला.

भाषण संपलं, तसं काकांनी माझं मनगट सोडून बटण दाबलं. "पैलवान, सलामी!" स्पीकरमधले काका म्हणाले.

आखाड्यातल्या दोघांनी चटकन माती उचलली आणि एकमेकांच्या हातात हात दिला.